चावी कोणाच्या हातात?

महाविद्यालयात विद्यार्थी भवनाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत एक यादी तयार होते. वायफाय हवं, मऊ आसनं हवीत, भिंतींना नवा रंग हवा, चार्जिंगची सोय जागोजागी हवी, एक मोठा पडदा हवा. यादीला कोणाचाच विरोध नसतो, कारण तिच्यात विरोध करण्यासारखं काही नसतं. मग वास्तुरचनाकार चित्रं घेऊन येतात. चित्रांत भरपूर उजेड असतो आणि हसरी तरुण माणसं घोळक्याने बसलेली असतात. वर्ष-दीड वर्षाने इमारत उघडते. आसनं चित्रातल्यासारखीच असतात, उजेडही तसाच असतो, फक्त घोळके कुठे दिसत नाहीत. कानात इअरफोन घातलेली एकेकटी मुलं-मुली एकमेकांपासून शक्य तितक्या लांब बसून पुढच्या तासाची वाट बघत असतात.

या सगळ्या चर्चेत मला जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो यादीत कधीच नसतो. रात्री त्या भवनाला कुलूप कोण लावतं?

ठरलेल्या वेळी पहारेकरी येऊन सगळ्यांना उठवत असेल, तर ते भवन संस्थेचं आहे आणि विद्यार्थी तिथले पाहुणे आहेत. पाहुणा कितीही सुखात असला तरी घरातली गळकी तोटी दुरुस्त करत नाही, कोपऱ्यात एकट्या बसलेल्या माणसाची विचारपूस करायला उठत नाही. आपण महाविद्यालयांकडून ‘आपलेपणा’ मागतो, पण आपलेपणा यायला आधी काहीतरी आपलं असावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की विद्यार्थी भवनाचा आराखडा चाव्यांपासून आणि वेळापत्रकापासून सुरू व्हावा. भिंती, रंग, आसनं हे सगळं त्यानंतर.

हे म्हणणं नवं नाही. विद्यार्थी भवनाला इंग्रजीत ‘युनियन’ म्हणतात, पण हा शब्द इमारतीला चिकटला तो बऱ्याच उशिरा. केंब्रिजमधली युनियन १८१५ साली तीन वादविवाद मंडळं एकत्र येऊन जन्मली आणि ऑक्सफर्डची १८२३ साली. दोन्ही ठिकाणी आधी माणसं जमली, त्यांनी आपसांत नियम ठरवले, वर्गणी काढली, भांडली, मतदान केलं. केंब्रिजच्या कुलगुरूंनी तर १८१७ साली युनियनच्या सभा बंद पाडल्या. १८२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, तेही चालू राजकारणावर बोलायचं नाही या अटीवर. म्हणजे विद्यार्थ्यांनी एकत्र जमून बोलण्याची भीती संस्थांना दोनशे वर्षांपासून वाटत आली आहे. आणि त्या जमण्याची मर्यादाही तितकीच जुनी आहे: या दोन्ही मंडळांत स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९६३ साल उजाडावं लागलं.

अमेरिकेत निव्वळ विद्यार्थ्यांच्या एकत्र येण्यासाठी बांधलेली पहिली इमारत म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ह्यूस्टन हॉलचं नाव घेतलं जातं. ती १८९६ साली उघडली. पुढे अशी भवनं सर्वत्र उभी राहिली आणि हळूहळू युनियन म्हणजे इमारत असाच अर्थ रूढ झाला. मंडळ मागे पडलं, मजले पुढे आले. आज नूतनीकरणाच्या नावाखाली होतं ते बहुधा याच घसरणीचं पुढचं पाऊल असतं.

या इमारतींपैकी एकीची गोष्ट मला पुनःपुन्हा आठवते. मिशिगन विद्यापीठाची युनियन १९१९ साली बांधली गेली ती पुरुष विद्यार्थ्यांसाठी. तिच्या पुढच्या दाराने स्त्रीला एकटीने आत जाता येत नसे. तिच्यासाठी बाजूचं दार होतं. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा रिवाज टिकला. स्त्रियांसाठी १९२९ साली वेगळं भवन उभं राहिलं. म्हणजे ‘विद्यार्थ्यांना एकत्र आणणारी वास्तू’ असा गौरव होत असलेली इमारत विद्यार्थिनींना रोज दारातच सांगत होती की तुमची जागा इथली नव्हे. तो रिवाज सुटला आणि काही वर्षांतच, १४ ऑक्टोबर १९६०च्या पहाटे दोनच्या सुमाराला, त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी उभे राहिले. हजारो विद्यार्थी त्यांची वाट बघत थांबले होते. केनेडी जेमतेम काही मिनिटं बोलले. विकसनशील देशांत जाऊन काम करायची तुमच्यापैकी किती जणांची तयारी आहे, असं त्यांनी विचारलं. त्यानंतर जुडिथ आणि ॲलन गस्किन या पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जोडप्याने विद्यार्थ्यांच्या दैनिकाला पत्र लिहिलं, सह्यांची मोहीम उभी राहिली आणि १ मार्च १९६१ रोजी अशा देशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारी संस्थेची स्थापना झाली.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी केनेडींची म्हणून सांगितली जाते. मला त्यात पायऱ्या दिसतात. पायऱ्यांना दार नसतं. त्यांच्यावर बसायला नाव नोंदवावं लागत नाही, आधी जागा राखून ठेवावी लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. पहाटे दोनला हजारो तरुण तिथे थांबू शकले, कारण त्यांना उठवायला कोणी आलं नाही. आणि भाषण संपल्यावर पुढचं काम ज्यांनी केलं त्यांच्याकडे वर्तमानपत्र होतं, सह्या गोळा करण्याची हातोटी होती, एकमेकांच्या ओळखी होत्या. यातली एकही गोष्ट त्या रात्री अचानक तयार झाली नव्हती.

ओळखी तयार कशा होतात, याचा मात्र बराच पक्का अभ्यास झालेला आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीच्या वसाहतीत राहणाऱ्या विवाहित विद्यार्थ्यांच्या मैत्रीची पाहणी केली आणि १९५० साली ती प्रसिद्ध केली. या कुटुंबांना घरं निवडता आली नव्हती, मिळालं त्या घरात ती राहत होती. तरीही शेजारच्याच दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं. दोन दारं पलीकडे हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १० टक्क्यांवर. अंतर काही फुटांचंच होतं. त्याहून मोलाचं निरीक्षण जिन्याचं होतं. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी किंवा टपालपेट्यांजवळ ज्यांचं घर होतं, त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मैत्री जमली. ती माणसं स्वभावाने अधिक बोलकी होती असं नाही. त्यांच्या दारावरून लोक रोज जात-येत होते, एवढंच.

या निरीक्षणाला दुसरं एक जोडून बघा. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचं वरवरच्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, खऱ्या अर्थाने मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९० तास आणि जिवलग व्हायला २००हून अधिक. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. वर्षातून एकदा होणारा स्वागत समारंभ, तीन दिवसांचं स्नेहसंमेलन, ‘एकमेकांना ओळखा’ म्हणून घेतलेला तासाभराचा खेळ यांतून ५० तास भरत नाहीत. ते भरतात ते रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या रेंगाळण्यातून. रेंगाळणं हा शब्द आपल्याकडे दोष म्हणून वापरला जातो. विद्यार्थी भवनाच्या बाबतीत मात्र ते मुख्य काम आहे, आणि आराखडा चांगला की वाईट हे तिथे किती सहज रेंगाळता येतं यावरून ठरवायला हवं.

एकदा हे मान्य केलं की बांधकामाचे बरेचसे निर्णय आपोआप सुटू लागतात. चार प्रवेशद्वारांऐवजी एक मोठं प्रवेशद्वार बरं, कारण मग सगळे एकमेकांना ओलांडून जातात. जिना कोपऱ्यात दडवण्यापेक्षा मधोमध आणि रुंद असावा, म्हणजे दोघं बोलत थांबले तरी तिसऱ्याची वाट अडणार नाही. नाट्यमंडळ, वादविवाद मंडळ, गिर्यारोहण गट, नियतकालिकाचं संपादक मंडळ यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर एकीकडे रांगेत न देता येण्याजाण्याच्या वाटेवर द्याव्यात आणि त्यांच्या दारांना काच असावी. आत काय चाललंय ते दिसलं की बाहेरच्याचं पाऊल थबकतं. खुर्च्या हलवता येणाऱ्या असाव्यात. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या मोकळ्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोकांच्या बसण्या-उठण्याचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं, तेव्हा त्यांना दिसलं की खुर्ची हलती असेल तर माणूस बसण्यापूर्वी ती इंच-दोन इंच सरकवतो, गरज नसली तरी. ते सरकवणं म्हणजे ‘ही जागा आता माझी’ अशी छोटीशी नोंद असते. जमिनीत खिळे ठोकून बसवलेली आसनं ती नोंद करू देत नाहीत.

इथे मी थोडं थांबून ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं त्यांच्याकडे वळतो. वसतिगृहात न राहणारे, रोज लांबून येऊन-जाऊन शिकणारे विद्यार्थी. वसतिगृहातल्या मुलीला स्वतःची खाट असते, कपाट असतं, दोन तासांच्या मध्ये पाठ टेकायला जागा असते. रोज ये-जा करणाऱ्या मुलीचं सगळं घर तिच्या पाठीवरच्या पिशवीत असतं. पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, खेळाचे बूट, प्रयोगशाळेचा कोट. दुपारी सराव आणि संध्याकाळी नाटकाची तालीम असेल तर हे ओझं घेऊन ती दिवसभर फिरते आणि एक दिवस तालमीला येणं सोडून देते. आपण म्हणतो, तिला रस नव्हता. तिला रस होता, कुलूपबंद कपाट नव्हतं. विद्यार्थी भवनात काय असावं असं मला कोणी विचारलं तर मोठ्या पडद्याच्या आधी मी कपाटं सांगेन, हातपाय धुण्याची स्वच्छ सोय सांगेन, आणि कोणी काही विचारणार नाही अशी अर्धा तास आडवं होण्याची एक शांत खोली सांगेन. ज्याला दिवसभर टेकायला जागा नाही तो कोणाच्याही सहवासात ५० तास काढू शकत नाही.

तीच गोष्ट आपल्या घरातून महाविद्यालयात आलेल्या पहिल्याच मुलाची. त्याला पाट्या वाचता येतात, पण ‘इथे मी जाऊ शकतो का’ हे पाटीवर लिहिलेलं नसतं. दारातच ‘काय काम आहे?’ असं विचारणारा कक्ष असला की तो मागच्या मागे वळतो आणि पुन्हा येत नाही. मिशिगनच्या बाजूच्या दारासारखी न दिसणारी दारं आजही पुष्कळ आहेत. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला मागच्या बाजूने, माल चढवायच्या उतारावरून आत यावं लागत असेल तर ते तर अक्षरशः बाजूचं दार आहे.

आता चाव्यांकडे परत येतो. मी स्वतः विद्यार्थी असताना अशा एका नूतनीकरण समितीवर होतो. आम्ही दोघे विद्यार्थी सदस्य होतो. आमच्यासमोर रंगाच्या तीन छटा ठेवण्यात आल्या आणि त्यांतली एक निवडायला सांगितलं. भवन रात्री किती वाजेपर्यंत उघडं राहील, असं मी विचारलं, तेव्हा तो प्रशासकीय विषय असल्याचं उत्तर मिळालं. इमारत झाली, आम्ही निवडलेला रंग लागला, आणि महिन्याभरात भिंतीवर सूचना आली की विनाकारण बसू नये. त्या सूचनेचं मला आजही वाईट वाटतं, कारण विनाकारण बसण्यासाठीच तर ती वास्तू बांधली होती.

त्याच इमारतीत एक गोष्ट मात्र चुकून बरी झाली. जागा कमी पडली म्हणून नाट्यमंडळ आणि गिर्यारोहण गट यांना मिळून एकच सामानखोली देण्यात आली आणि तिची एकच चावी. सुरुवातीला रोज कटकट व्हायची. दोरखंडांवर रंगवलेले पडदे टाकलेले असायचे, चावी कोणाकडे आहे ते कळायचं नाही. मग दोन्ही गटांनी बसून वार ठरवले, वही ठेवली, सामान कुठे ठेवायचं त्याच्या खुणा भिंतीवर केल्या. वर्षअखेरीला नाटकाचं नेपथ्य उभारायला गिर्यारोहण गटातली मुलं उंच चढून दोर बांधत होती. या दोन गटांना कोणत्याही ‘परिचय कार्यक्रमा’ने एकत्र आणलं नसतं. एका चावीने आणलं.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली वेगवेगळ्या समूहांमधले पूर्वग्रह कशाने कमी होतात याचा विचार मांडताना चार अटी सांगितल्या होत्या: दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावं, ते सहकार्यानेच साध्य होणारं असावं, आणि त्याला संस्थेचा पाठिंबा असावा. नुसतं एका छताखाली आणून पुरत नाही. आमच्या सामानखोलीत या चारांपैकी पहिल्या तीन अटी आपोआप जुळून आल्या होत्या. चौथी, संस्थेच्या पाठिंब्याची, तेवढी कमी होती. चांगला आराखडा चारही अटी जाणूनबुजून जुळवून आणू शकतो. खोल्या दोन-दोन मंडळांना मिळून द्या. कार्यक्रमाचा निधी दोन गटांनी एकत्र मागितला तर आधी द्या. आठवड्याच्या पाळ्या लावा, ज्यात वेगवेगळ्या विभागांतले विद्यार्थी जोडीने भवन उघडतील, बंद करतील, तक्रारी नोंदवतील. त्या कामाचं मानधन द्या, म्हणजे ज्यांना फुकट वेळ देणं परवडत नाही तेही त्यात येतील. हा शेवटचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण बिनपगारी जबाबदारी नेहमी सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांकडेच जाते आणि मग चाव्यांचीही मक्तेदारी होते.

यावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांतले काही गंभीर आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती कारभार गेला की गट पडतात, निवडणुका आल्या की मारामाऱ्या होतात, बाहेरचे पक्ष शिरतात, असं म्हटलं जातं. हे होतं, ते मी नाकारत नाही. पण गट पडतात म्हणून मंडळच काढून टाकलं की गट नाहीसे होत नाहीत, फक्त त्यांना समोरासमोर बोलायची जागा उरत नाही. १९१८ साली अर्जेंटिनातल्या कॉर्दोबा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी कारभारात वाटा मागितला आणि ती मागणी पुढे लॅटिन अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पसरली. तिथेही संघर्ष झाले. पण शेजारच्याशी मतभेद असूनही त्याच्याबरोबर अंदाजपत्रक मंजूर करून घेणं ही नागरिकत्वाची तालीम आहे, आणि ती विसाव्या वर्षी झाली नाही तर पुढे कधी होणार?

दुसरा आक्षेप मोबाइलचा. मुलं पडद्यावरच एकमेकांना भेटतात, त्यांना भवन कशाला हवं? मला यात कारण आणि परिणाम उलटे झालेले दिसतात. जिथे बसू दिलं जात नाही, बोललं तर गप्प केलं जातं, आठनंतर दिवे मालवले जातात, तिथून माणूस पडद्याकडेच जाणार. फोनवरचे गट वाईट नाहीत; कोण कुठे आहे ते त्यांच्यामुळे पटकन कळतं. पण ‘कुठे आहेस?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला एखादी जागा असावी लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वाजवी वाटतो. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, मग जबाबदारी टिकणार कशी? म्हणूनच कारभार पुढच्या तुकडीकडे सोपवण्याची घडी आराखड्यातच बसवायला हवी. जुने आणि नवे पदाधिकारी किमान दोन महिने एकत्र काम करतील, हिशेबाच्या वह्या भवनातच राहतील, आणि सतत बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभा राहणारा एखादा कायमस्वरूपी कर्मचारी असेल, मालक म्हणून नव्हे, जाणता सोबती म्हणून. विस्कॉन्सिन विद्यापीठाची मेमोरियल युनियन १९२८ साली उघडली तेव्हा तिचे पहिले संचालक झालेले पोर्टर बट्स तिथे तब्बल चाळीस वर्षं राहिले. अशी एक व्यक्ती असली की दरवर्षी नवी मुलं येऊनही स्मृती पुसली जात नाही.

आराखडा करायचा कसा, याबाबत दोन उदाहरणं माझ्या मनात घर करून आहेत. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात वास्तुरचनाकार लीना बो बार्डी यांना एक जुना कारखाना सांस्कृतिक केंद्रासाठी दाखवण्यात आला. त्या पुन्हा शनिवारी गेल्या तेव्हा त्या ओसाड शेड्समध्ये मुलं खेळत होती, कुटुंबं वेळ घालवत होती. हा आनंद आहे तसाच राहिला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. शेड्स पाडल्या नाहीत. आत उघडं पाणी आणि शेकोटी आणली, बसायला जागा केल्या, आणि १९८२ साली सेस्क पोम्पेया लोकांसाठी खुलं झालं. आधी बघणं, मग हात लावणं. दुसरं उदाहरण ओरेगन विद्यापीठाचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं तत्त्व मांडलं की इमारती वापरणाऱ्यांनीच त्यांचे आराखडे ठरवावेत आणि वाढ एका प्रचंड प्रकल्पाऐवजी लहान-लहान टप्प्यांनी व्हावी. सगळा पैसा एका दणक्यात खर्च झाला की चूक दुरुस्त करायला काहीच उरत नाही.

या दोन्ही गोष्टी आपल्याला आजच करता येतात, एक वीटही न हलवता. एक सत्रभर काही विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन बसावं आणि नोंदवावं: कोण कुठे थांबतं, कोण आत येऊन लगेच परत जातं, कोणती भिंत टेकायला वापरली जाते, कोणत्या पायरीवर ऊन आलं की गर्दी होते, मुली अंधार पडल्यावर कोणत्या वाटेने जाणं टाळतात. मग बांधकामाच्या निधीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढून पुढची पाच वर्षं दरवर्षी विद्यार्थी मंडळाच्या हाती द्यावा, लहान बदलांसाठी. आणि एक खोली मुद्दाम अर्धवट सोडावी. फरशी, दिवे, पाणी एवढंच. तिचं काय करायचं ते पहिल्या तुकडीने ठरवावं, आणि दुसऱ्या तुकडीला ते बदलायची मुभा असावी.

वास्तुरचनाकाराला पहिल्या बैठकीला बोलावण्यापूर्वी एका कागदावर संस्थाप्रमुख आणि विद्यार्थी मंडळ या दोघांच्या सह्या असाव्यात. त्यावर फार काही लागत नाही. भवन किती वाजता उघडेल, किती वाजता बंद होईल, परीक्षेच्या काळात किती उशिरापर्यंत चालू राहील, चाव्या किती असतील, कोणाच्या पाळीत कोणाकडे असतील, काही मोडलं तर कोण भरून देईल. त्या कागदाची एक प्रत दाराजवळ लावावी, आणि तिच्याखाली दर आठवड्याला दोन नावं: आज रात्री कुलूप कोण लावणार आहे.